पदवी सांगलीची, दवाखाना इंदूरचा

पत्र

काकू, मी इंदूरच्या रामबागेत वाढले. नीटला इथल्या सरकारी डेंटल कॉलेजची सीट थोडक्यात हुकली, म्हणून बीडीएस सांगलीला केलं. इंटर्नशिपही तिकडेच. महाराष्ट्राच्या दंत परिषदेत नाव नोंदवलं. मग बाबांची बायपास झाली आणि मी घरी परत आले. गेले आठ महिने एका सिनियर सरांच्या दवाखान्यात काम करते आहे. रूट कॅनाल, दाढा काढणं, कॅप, सगळं मीच करते. चिठ्ठी आणि पावती मात्र सरांच्या नावाची. या गडबडीत माझ्या नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं. आता बाबांनी सुदामा नगरात दुकान भाड्याने घेतलंय, दसऱ्याला माझ्या नावाची पाटी लावायची म्हणतात. सर म्हणतात, "लाव पाटी, कागद होत राहतील, कोण बघायला येतंय?" त्यात पुण्याची दोन स्थळं आली आहेत. नाव मध्य प्रदेशात आणलं आणि लग्न पुण्यात ठरलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून? रात्र रात्र झोप लागत नाही.

– एक डॉक्टर, इंदूर

उत्तर

बाबांना आधी माझा नमस्कार सांग. बायपासनंतर उठून मुलीसाठी दुकान बघत फिरणारा माणूस आहे, त्याचं मन मोडायचं नाही हे मला कळतं. म्हणूनच स्पष्ट लिहिते. पुढे मोडण्यापेक्षा आत्ता चार महिने थांबलेलं त्यांना सोसेल.

तुझं नाव दोन्हीकडे ठीक होईपर्यंत पेशंटच्या तोंडात हात घालू नकोस. पाटीचं नंतर बघू, आधी सरांच्या दवाखान्यातलं काम थांबव. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल. तरी शेवटपर्यंत वाच.

मी १९८५ मध्ये नागपूरहून लग्न होऊन इंदूरला आले. बीडीएस नागपूरचं, नाव महाराष्ट्राच्या वहीत, म्हणजे तिथल्या दंत परिषदेच्या नोंदवहीत. इथल्या एका दवाखान्यात मी सात महिने अगदी तुझ्यासारखंच काम केलं. चिठ्ठी दुसऱ्याची, हात माझे. एका संध्याकाळी सत्तरीच्या एका आजोबांची खालची दाढ काढली. रक्त पातळ करायची गोळी रोज चालू होती, ती त्यांनी सांगितली नाही, आणि मीही नीट खोदून विचारलं नाही. रात्री साडेअकराला त्यांचा मुलगा दारात. गॉज बदलून बदलून अर्धा तास चावून धरायला लावला, टाका घातला, तरी झिरपणं थांबेना. मोठ्या दवाखान्यात नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "दाढ कोणी काढली?" मुलाने चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर ज्यांचं नाव ते त्या दिवशी गावातच नव्हते. मी तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. "मी काढली" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. कोणती गोळी, किती सुन्न केलं, मूळ तुटलं होतं का, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. आजोबा तीन दिवसांत बरे झाले. मी त्या चुपचाप उभं राहण्यातून अजून पूर्ण बाहेर आलेली नाही.

त्या रात्री माझं नाव इथल्या वहीत असतं तर मी बोलले असते. नोंदणी म्हटलं की सगळ्यांना कागद आणि शिक्का आठवतो. मला तो पलंगाचा पायथा आठवतो.

आता कायद्याचं. तुझी पदवी देशभर चालते, त्यात शंका नाही. नाव मात्र राज्याच्या वहीत असतं. हे विचित्र वाटतं, पण त्याला इतिहास आहे. १९२० मध्ये कलकत्त्याला देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढणारे डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्या खटपटीतून बंगालने १९३९ मध्ये दंतवैद्यांचा कायदा केला. त्यातली नोंदवही प्रांताची होती. १९४८ मध्ये सगळ्या देशासाठी कायदा झाला आणि शिक्षणाचा दर्जा सांभाळायला भारतीय दंत परिषद आली. वह्या मात्र राज्यांकडेच राहिल्या. एका राज्यातला नोंदणीकृत दंतवैद्य दुसऱ्या राज्यात काम करत असेल तर त्याला नाव तिकडे बदलून घेता येईल, अशी सोय त्याच कायद्यात आहे. बदली म्हणजे बदलीच. एका वहीतून नाव उतरतं, दुसरीत चढतं.

तुझे सर या वाक्याचा आधार घेऊन म्हणतील, "बघ, काम करत असताना अर्ज करता येतो, म्हणजे काम चालतं." असं म्हणणारे पुष्कळ आहेत. तू त्या वादात पडूच नकोस, कारण तुझं प्रकरण तिथवर पोचतच नाही. नूतनीकरणाची फी वेळेत भरली नाही तर परिषदेच्या निबंधकाने नाव वहीतून काढायचं, असं कायदा सांगतो. म्हणजे आज महाराष्ट्रातही तुझं नाव भक्कम धरून चालता येत नाही आणि इंदूरला तर ते नाहीच. आठ महिने तू कोणत्याच वहीच्या आधाराशिवाय दाढा काढते आहेस. झोप लागत नाही ती पुण्याच्या स्थळांमुळे नाही बाळा, याच्यामुळे लागत नाही.

चांगली गोष्ट अशी की फी न भरल्यामुळे गेलेलं नाव फी भरून परत चढवता येतं, हेही त्याच कायद्यात आहे. ही शिक्षा नाही, थकबाकी आहे. तेव्हा पहिलं काम महाराष्ट्राचं. आधी इंदूरचा अर्ज भरायला घेऊ नकोस. तिथून "ही आमच्याकडे नोंदलेली आहे, हिच्याविरुद्ध काही नाही" असं ना-हरकत प्रमाणपत्र लागणार, आणि थकलेल्या नावाला ते कोण देईल? थकबाकी भर, नाव चालू करून घे, पावती जपून ठेव. सीडीईची, म्हणजे सतत चालणाऱ्या दंतशिक्षणाची, जी प्रमाणपत्रं कॉलेजात मिळाली असतील तीही शोध. शिबिरांची, व्याख्यानांची, सगळी. मुली ती फाइलच्या मागच्या कप्प्यात कोंबून विसरतात.

त्यानंतर जिथे आपल्या बहुतेक मराठी मुलांची गाडी अडते ती गोष्ट, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नावाचं. तुझी दहावीची गुणपत्रिका इंदूरची, तिच्यावर बहुधा तुझं नाव आणि आडनाव, बस. सांगलीची पदवी महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे असेल. आडनाव आधी, मग तू, मग बाबांचं नाव, कदाचित आईचंही. आधारवर तिसरंच काही, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक 'ए' जास्त, कुठे एक 'एच' कमी. आपल्याला ती सगळी एकच मुलगी दिसते. खिडकीतल्या बाबूला तीन मुली दिसतात, आणि त्याचं चुकत नाही. त्याच्या वहीतल्या नावावर उद्या कोणीतरी भूल देणार आहे.

तेव्हा आज संध्याकाळी दहावी, बारावी, पदवी, इंटर्नशिपचा दाखला, महाराष्ट्राची नोंदणी, आधार आणि पॅन हे सगळे कागद पलंगावर ओळीने मांड. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं, अक्षर न् अक्षर उतरवून काढ. फरक दिसला की नोटरीकडे जाऊन ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र कर, आणि त्यात प्रत्येक रूप स्वतंत्र लिहून घे. "वगैरे" लिहू देऊ नकोस. आधार सुधारता येत असेल तर ते पदवीप्रमाणे करून घे. पदवी आधारप्रमाणे बदलायच्या फंदात पडू नकोस, त्यात वर्ष जाईल. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा अर्ज याच एका गोष्टीसाठी दोनदा परत आला होता. दुसऱ्या वेळी तो पोर रडकुंडीला आला होता.

बदलीच्या अर्जाबरोबर मूळ नोंदणी प्रमाणपत्र हातातून जातं. जाण्याआधी दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅनिंग, साक्षांकित प्रती, आणि पाठवणं स्पीड पोस्टनेच. पोस्टाची पावती बाबांच्या कपाटात. इंदूरच्या पत्त्याचा पुरावाही जोड. घरचा पत्ता आहेच, दुकानाचा भाडेकरार झाला असेल तर तोही. वाटेत तुला २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याबद्दल कानावर येईल. राष्ट्रीय नोंदवही, कॉलेजातून बाहेर पडतानाची सामाईक परीक्षा, जुना कायदा जाऊन नवा येणं, हे सगळं त्यात आहे. "आता सगळं एकच होणार, थांब की" असं कोणी म्हणालं तर थांबू नकोस. राज्यांच्या वह्या त्या कायद्यातही आहेत. अर्ज ज्या दिवशी करशील त्या दिवशी परिषदेत जो चालू असेल तोच नमुना घे, मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या झेरॉक्सवर भरू नकोस.

दसऱ्याच्या पाटीचं आता बोलू. बाबांना हे समोर बसवून सांग, फोनवर नको. मध्य प्रदेशात दवाखान्यालाच स्वतःची नोंदणी लागते. १९७३ चा उपचर्यागृह आणि रुजोपचार स्थापनांचा कायदा आहे, त्याखाली सीएमएचओच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या, कार्यालयात नोंद होते. तिथे पहिला प्रश्न डॉक्टरच्या राज्य परिषदेच्या क्रमांकाचा. कचऱ्याचं तसंच. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आपल्या एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी त्यासाठी घ्यायची. ज्यात चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं मिश्रण, भरलेली आहे असा काढलेला दात पिवळ्या पिशवीत टाकू नकोस, ती जळायला जाते आणि पारा हवेत जातो. हे कॉलेजात शिकवतात आणि दवाखान्यात सगळे विसरतात. एक्सरेचं छोटं मशीन घेणार असशील तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या संकेतस्थळावर त्याची नोंद. विक्रेता म्हणेल "मॅडम, छोट्याला लागत नाही." लागते.

म्हणजे पाटी आधी लावली तरी तिच्यामागे काहीच उभं राहत नाही. दसऱ्याला दुकानाची पूजा करा, बाबांच्या हातून नारळ फोडा, आपट्याची पानं वाटा. खुर्ची आणि कॉम्प्रेसरची ऑर्डर मात्र रोखून धर. घरमालकाला भेटून भाडं दोन-तीन महिने पुढून चालू करता येईल का ते विचार. आपल्याकडे माणसं अशा गोष्टीला नाही म्हणत नाहीत, पण विचारावं लागतं. आणि पाटी करशील तेव्हा ती साधी कर. आपल्या दंतवैद्यांच्या आचारसंहितेत, २०१४ च्या, अवाढव्य पाट्यांना जागा नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा, चिठ्ठीवर आणि पावतीवरही छापायचा. तो क्रमांक तुझा स्वतःचा, या राज्याचा असेल, तेव्हा पहिली चिठ्ठी लिहिताना बघ कसं वाटतं ते.

सरांशी कसं बोलायचं हा तुला सगळ्यात जड जाणारा भाग आहे, पत्रात तू तो प्रश्न विचारलाही नाहीस. त्यांनी तुला काम दिलं, हात बसू दिला, त्याबद्दल मनापासून आभार मान. मग सांग, "सर, माझी नोंदणी होईपर्यंत मी पेशंट घेऊ शकत नाही. झाली की लगेच कळवते." कारण विचारलं तर खरं कारण सांग, आजारपणाचं निमित्त सांगू नकोस. वही नसलेल्या हाताला आपल्या नावाचं छत्र देणं त्यांच्यासाठीही आचारसंहितेचा भंग आहे, हे ते जाणतात. तू ते बोलून दाखवू नकोस, फक्त मनात ठेव. "कोण बघतंय" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की पेशंट ग्राहक आयोगात गेला तर? डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय. चिठ्ठीवर एक नाव आणि तोंडात दुसरेच हात, असं प्रकरण तिथे उभं राहिलं तर दोघांपैकी कोणालाच वाचवायला काही उरत नाही.

पुण्याचं. बदली एकदाच करता येते असं कुठेही नाही. इंदूरहून पुण्याला गेलीस तर नाव पुन्हा तिकडे नेता येईल, हाच रस्ता, फक्त उलट्या दिशेने. त्रास होईल, काही महिने जातील, पण दार बंद होत नाही. न ठरलेल्या लग्नासाठी ठरलेलं काम अडवून ठेवू नकोस, एवढं मी आईसारखं सांगते. मुलगा बघायला येईल तेव्हा मात्र त्याला हे सगळं आधीच सांग. "लग्नानंतर मला नोंदणी बदलायला काही महिने लागतील, तोवर मी प्रॅक्टिस करणार नाही, आणि नंतर करणार आहे." हे ऐकून तो काय म्हणतो त्यावरून तुला त्याच्याबद्दल कांदेपोह्यांच्या दहा भेटींपेक्षा जास्त कळेल. आडनाव बदलायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझं मत विचारशील तर पदवीवरचं नाव वहीत आहे तसंच ठेव. मी बदललं, आणि पुढे वीस वर्षं प्रत्येक अर्जाला लग्नाचा दाखला जोडत बसले.

या थांबण्याच्या महिन्यांचं काय करायचं? एक तर बाबांजवळ बस, त्यासाठीच तू आलीस. दुसरं, माळव्यातली तोंडं ओळखायला शीक. सांगलीला तू मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या पाहिल्या असतील. इथे दुसरं चित्र आहे. गुटख्यावर बंदी घालणारं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश, २०१२ मध्ये. तरी पंचविशीची पोरं येतात आणि त्यांचं तोंड उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांग, दोन जेमतेम गेली की समज. गाल आतून पांढरट, बोटाला चामड्यासारखा लागतो. अशा तोंडात मागची दाढ काढणं म्हणजे बंद खिडकीतून हात घालून कडी काढणं. धार-झाबुआकडून येणारे पेशंट वेगळे, पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर तपकिरी पट्टे. किडले म्हणून ते उकरायला जाऊ नकोस. ओळखीच्या एखाद्या डॉक्टरीणबाईंना विचारून खुर्चीच्या बाजूला उभी राहा, हात मागे बांधून, फक्त बघ. माझ्याकडे आलीस तरी चालेल, मंगळवारी आणि शुक्रवारी गर्दी असते.

आणि सगळ्यात शेवटी लिहिते आहे, पण करायचं सगळ्यात आधी. आठ महिन्यांत तुझ्या हातात अर्धवट रूट कॅनाल किती आहेत? कुणाच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट असेल, कुणाची कॅप यायची असेल. काम थांबवायचं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही. एक वही घे. पेशंटचं नाव, दाताचा नंबर, मुळातले किती कालवे (कॅनाल) सापडले, प्रत्येकाची लांबी किती मिलिमीटर, आत कोणतं औषध, सिमेंट कोणत्या तारखेला भरलं, कुठली गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी, सगळं तुझ्या अक्षरात लिही. खाली सही कर, तुझी स्वतःची. ती वही सरांच्या हातात दे आणि एकेका पेशंटला फोन करून सांग की पुढचं काम सर करतील, सगळं लिहून ठेवलंय. ज्यांचं सिमेंट तीन आठवड्यांपेक्षा जुनं झालंय त्यांना आज फोन कर, उद्या नको. ते झिजायला लागलं असेल.